बंदूक त्यांची, बोल्ट तिचा

फाटकापाशी लावलेली निळ्या पक्षाची प्रचाराची पाटी रात्रीच्या वाऱ्याने पुन्हा आडवी केली होती. ओरेस्टने ती उचलली, बुटाच्या टाचेने तिचे पाय ओल्या मातीत दाबून बसवले आणि चिखलाचे हात विजारीला पुसत तो घरात आला. स्वयंपाकघरात त्याची बायको मार्लीन आणि मोठी बहीण हालिया ईस्टरची टोपली भरत होत्या.

"मी नाही हं पाडली," हालिया मान वर न करता म्हणाली. "काल मी आले तेव्हा उभी होती ती."

"तुझ्यावर कुणी आळ घेतलाय का?"

"घ्यायच्या आधीच सांगून ठेवलेलं बरं. सास्कातूनसारख्या शहरातून आलेल्या माणसावर इथे काहीही चिकटतं."

मार्लीन हसली, पण तिचे डोळे वाहत होते. ती तिखट मुळा किसत होती आणि त्याचा झणका सगळ्या घरात भरला होता. सासू असेपर्यंत हे काम सासूचं होतं. तेक्ला होलोवाटी मुळा किसायची ती खिडकी उघडून, ओढणी नाकावर बांधून आणि मोठ्याने प्रार्थना म्हणत, त्यामुळे देवाचं नाव आणि शिंका एकात एक मिसळून यायच्या. फेब्रुवारीत ती गेली. जमीन दगडासारखी गोठलेली होती. तिच्याविना हा पहिला ईस्टर.

टोपलीत पास्का ठेवला होता. मार्लीनने रात्रभर जपूनही त्या गोल पावाचा माथा एका बाजूने खचला होता. हालियाने तो पाहिला आणि खचलेली बाजू भिंतीकडे केली. सॉसेजची वेटोळी, लोण्याचं कोकरू, लवंगांचे त्याचे डोळे, रंगवलेली अंडी. उपास उद्या सुटायचा होता, म्हणून बोटसुद्धा चाटायचं नाही. चर्चच्या अंगणात आज दुपारी फादर बोहदान टोपल्यांवर पाणी शिंपडणार होते. यंदा पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या चर्चच्या दोन्ही पंचांगांचा ईस्टर एकाच रविवारी आला होता, त्यामुळे जर्मन घरातून आलेल्या मार्लीनला या वर्षी दोनदा अंडी उकडावी लागली नव्हती.

रेडिओवर निवडणुकीची बातमी लागली. मतदान ईस्टरनंतर आठवड्याने, सोमवारी. ओरेस्टने आवाज वाढवला. बंदी घातलेल्या बंदुका जमा करून घेण्याचं काम आम्ही पुरं करू, असं लाल पक्षवाले म्हणत होते. निळे म्हणत होते, आम्ही ती बंदीच उठवू.

"ऐकलंस?" तो म्हणाला.

"ऐकतेच आहे. पाच वर्षं ऐकते आहे," हालिया म्हणाली.

ओरेस्टची एक बंदूक तळघरातल्या पोलादी कपाटात पडून होती. बावीस वर्षांचा असताना त्याने ती घेतली होती, आणि वासरांवर येणारे कोल्हे तिनेच राखून धरले होते. मग पाच वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका सकाळी तो न्याहारीला बसला आणि उठेपर्यंत ती बेकायदा झालेली होती. तेव्हापासून ती वापरायची नाही, विकायची नाही, कपाटातून काढून कुणाला दाखवायचीसुद्धा नाही. तुरुंगात गेलेल्या नातेवाइकासारखी ती घरात होती, आणि तिचं नाव निघालं की सगळे दुसरीकडे बघायचे. त्याने परीक्षा दिली होती, परवाना वेळेवर नवा केला होता, पोलिसांनी त्याचं सगळं आयुष्य उलटंपालटं करून बघितलं होतं. आणि तरी रेडिओवर कुठल्या तरी शहरात कुणी तरी गोळीबार केला की त्याला वाटायचं, आता सगळे आपल्याच घराकडे बघताहेत.

"बंद कर तो रेडिओ," हालिया म्हणाली. तिने कणकेचे हात धुतले. "मला तातोंबद्दल बोलायचंय." तातो म्हणजे त्यांचे वडील.

मार्लीनची किसणी थांबली. ओरेस्टला त्या थांबण्यातच सगळं समजलं.

"तू सांगितलंस हिला?" तो बायकोला म्हणाला.

"कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. तुला सांगितलं तर तू म्हणालास, कोल्हा असेल."

गोष्ट मार्चमधली. मार्लीन सकाळी सूप घेऊन अंगणापलीकडच्या जुन्या घरी गेली, तर सासरे घरात नव्हते. ते घरामागच्या उन्हाळी स्वयंपाकघरात सापडले. थंडीत तिथे कुणी पाय ठेवत नाही. दार लावून घेतलेलं, चूल गार, आणि वासिल होलोवाटी स्टुलावर बसलेले, हरणाच्या शिकारीची बंदूक मांडीवर आडवी. "कोल्हा," ते म्हणाले. पण त्या खोलीला एकच खिडकी, आणि ती उघडते सुरूच्या झाडांच्या रांगेकडे. तिथून ना कुरण दिसतं, ना गोठा.

"ती बंदूक त्यांच्या घरात नको," हालिया म्हणाली. "एवढंच. मी सव्वीस वर्षं परिचारिका आहे, ओरेस्ट. बायको गेलेली, ऐंशी पार केलेले, शेतावर एकटे राहणारे पुरुष आमच्याकडे कसे येतात ते मी बघते. आणि बरेचसे तर येतही नाहीत."

"झालं! आता माझ्याच घरात येऊन मला रेडिओ ऐकवतेस."

"यात रेडिओ कुठून आला?"

"मग कुठून आला? आज म्हातारा आहे म्हणून काढा, उद्या दुःखी आहे म्हणून काढा, परवा शेतकरी आहे म्हणून काढा. अगं, माझीही त्यांनी अशीच बेकायदा केली. आधी म्हणाले, शिकाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही."

"तातोंची जुनी बंदूक कुठल्याच यादीत नाही. कुठल्याच पक्षाला ती नकोय. मला हवीय!"

"आज नाही यादीत."

"देवा रे!" हालियाने कपाळाला हात लावला. "याच्याशी बापाबद्दल बोलायला जावं तर हा निवडणुकीचं भाषण करतो. आई असती तर तिने लाटणं घेतलं असतं."

"आई असती तर हा प्रश्नच आला नसता," ओरेस्ट म्हणाला.

हालिया हात फडक्याला पुसत खालच्या आवाजात म्हणाली, "तू काढणार नसशील तर कायद्याने मला एक फोन करता येतो. ते येऊन घेऊन जातात."

ओरेस्टला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "पोलीस? आपल्या अंगणात? मतदान तोंडावर असताना? आणि आल्यावर ते फक्त त्यांची एक बंदूक नेतील होय? आवार एक, आडनाव एक. माझं कपाट रिकामं करून जातील आणि परत मिळवायला मी म्हातारा होईन. सगळ्या गावात होईल, होलोवाटीच्या पोरीने बापावर पोलीस घातले."

"म्हणू देत. जिवंत बापाबद्दल काय म्हणायचं ते म्हणू देत."

"हालिया," मार्लीन मध्ये पडली, "मी तुला सांगितलं ते यासाठी नाही. फोनबिनचं काही नको. मी ओळखते त्या घरात असं बोलत नाहीत." ओरेस्टचे खांदे जरा सैल झाले. तोच ती त्याच्याकडे वळली. "आणि तू. तिला बोलायला तुझं तोंड बरं सुटतं. बापाशी बोलायला गेला होतास का एकदा तरी? त्या दिवसापासून तू तिकडे जातोस, दारातून हवामान विचारतोस आणि परत येतोस."

"काय बोलू मी त्यांच्याशी?"

"ते मला काय माहीत! मी सून. पण त्यांना चर्चला आणायचं आहे, तेव्हा आत्ता जा." तिने मनगटाने डोळे पुसले. मुळ्याने की कशाने, ते तिलाच ठाऊक. "आणि ऐक. फादर बोहदानचा फोन आला होता. तातोंनी त्यांना कळवलंय, आज गाणार नाही म्हणून."

ही बातमी ओरेस्टला बाकी सगळ्यापेक्षा खोल लागली.

कुरणाच्या कडेच्या त्या लहान घुमटाच्या चर्चमध्ये वासिल होलोवाटी चाळीसहून अधिक वर्षं गायक होते. त्यांच्याकडची उपासना बोलायची नसते, ती गायची असते. पुरोहिताने एक ओळ म्हणायची, गायकाने ती उचलायची, आणि मग साऱ्या लोकांनी त्याच्या मागून जायचं. वासिल उचलत तेव्हा बाकांवरची बायकापोरं, पाठी मोडलेले शेतकरी, सगळ्यांना आपसूक सूर सापडे. ज्यांना शब्द कळत नसत तेही रडत. मार्लीनला लग्नाआधी या भाषेचं अक्षर येत नव्हतं. ती म्हणायची, मला तुमचा देव सासऱ्यांच्या गळ्यातून कळला. तेक्लाच्या थडग्यापाशी निरोपाचं पद वासिल स्वतःच गायले, एका सुरात, न थांबता. त्यानंतर गाण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

अंगणात बर्फ सावलीपुरतंच उरलं होतं. बुर्को कुत्रा ओरेस्टच्या पायात पायात करत जुन्या घरापर्यंत आला. दार उघडंच होतं. वासिल चर्चचा कोट घालून टेबलापाशी बसले होते, टोपी गुडघ्यावर.

"तातो, तयार आहात?"

"मी तयार होऊन बसलोय त्यालाही आता वय झालं," वासिल म्हणाले. "वासरं कशी आहेत?"

"काल रात्री आणखी एक झालं. गाय नवखी आहे, चाटत नव्हती. उभं केलंय."

"कोल्हे?"

"ऐकू येतात."

"आणि ती? शहरवाली? भांडलात ना?"

"नाही."

"खोटं बोल, पण उपासाच्या दिवशी तरी नको. तुमचे दोघांचे हात हलताना मला खिडकीतून दिसत होते. ती लाल, तू निळा." वासिलनी टोपी फिरवली. "आणि मी आपला नारिंगी पक्षाचा, सहकारी धान्य कोठारांच्या काळापासून. एका घरात इतके रंग म्हणजे अंडी वेगळी रंगवायला नकोत."

ओरेस्ट हसला. हसता हसता त्याची नजर दाराच्या कोपऱ्यात गेली. बंदूक भिंतीला टेकून उभी होती, आणि तिचा बोल्ट तिच्यातच होता.

बोटाएवढ्या जाडीचा तो पोलादी दांडा, मुठीत धरायला वळलेलं त्याचं बोंड. तो ओढून काढला की बंदुकीची नुसती काठी होते. ओरेस्टने ही बंदूक लहानपणापासून या कोपऱ्यात पाहिली होती, पण अशी विनाकारण बोल्टसकट कधीच नाही. कारण या घरात एक रीत होती. बंदूक त्यांची, बोल्ट तिचा. दिवे लागायच्या सुमारास आई ओट्यापासून न हलता पिठाने माखलेला हात मागे करायची आणि म्हणायची, "आण इकडे." वासिल बोल्ट काढून त्या हातावर ठेवायचे. तो खसखशीच्या डब्यात जायचा. सकाळी त्यांना हवा असला तर मागावा लागे. "तेक्ला, कोल्हे आलेत." "किती आलेत? कुठे आलेत? तुला दिसलेत की ऐकू आलेत?" अशी उलटतपासणी होई, आणि मग डब्यात हात जाई. बोल्टला खसखस चिकटलेली असायची. वासिल ती फुंकून उडवायचे. मुलं लहान होती म्हणून ही रीत सुरू झाली असणार. पण मुलं मोठी झाली, गेली, हालियाचे केस पिकले, तरी ती मोडली नाही. ओरेस्ट आणि हालिया लहानपणी हा खेळसुद्धा खेळायची, चमचा बोल्ट म्हणून. त्यात इतकं नवल काय, असं ओरेस्टला कधी वाटलंच नव्हतं. आईबापांची एक जुनी थट्टा, एवढंच.

आता त्याने बोल्टकडे पाहिलं. त्यावर खसखशीचा एकही दाणा नव्हता.

तो काही बोलायला गेला आणि त्याची जीभ टाळ्याला चिकटली. महिनाभर तो हीच जीभ कोठारात, पेट्रोल पंपावर, चर्चच्या सभागृहातल्या कॉफीवर चालवत आला होता. माझ्या बापाच्या घरातून बंदूक न्यायची कुणाच्या बापाची टाप नाही, असं तो म्हणाला होता आणि लोकांनी टेबलं वाजवली होती. आणि आज न्यायला आला होता कोण? तर तोच.

"गाडी काढू का?" तो म्हणाला.

"काढ की."

तो हलला नाही. बुर्को दारात बसला आणि दोघांकडे आळीपाळीने बघू लागला.

"तातो," ओरेस्ट म्हणाला, "त्या दिवशी उन्हाळी स्वयंपाकघरात. कोल्हा नव्हता."

वासिलनी टोपी फिरवायची थांबवली. भिंतीवरच्या मेरीमातेच्या चित्रावर आईने भरतकामाचं कापड चढवलं होतं. त्याची एक बाजू निसटून खाली लोंबत होती. ती वर कशी खोचतात हे त्या घरात आता कुणाला येत नव्हतं.

"नव्हता," ते म्हणाले.

ओरेस्ट खुर्चीवर बसला.

"घाबरू नकोस. काही ठरवून गेलो नव्हतो," वासिल म्हणाले. "नुसता जाऊन बसलो. ठरवायचं की नाही, तेच ठरवत होतो म्हण. मग ती सूप घेऊन आली. माणूस मोठमोठे विचार करत असतो आणि त्यात कुणीतरी बीटचं सूप घेऊन येतं. गार होईल म्हणते. देव कुणाच्या हातात काय देऊन पाठवील, सांगता येत नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस हवामान. ते मी सांगितलं."

ओरेस्टने मान खाली घातली. वासिल त्याच्याकडे बघत नव्हते, कोपऱ्याकडे बघत होते.

"तुला सांगू? तुझी आई गेल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी बोल्ट काढला. हातात धरून ओट्यापाशी उभा राहिलो. तिथे हातच नव्हता. डब्यात मीच ठेवून दिला असता तर काय बिघडलं असतं? पण मला ते जमलं नाही, पोरा. तो माझा डबाच नाही. मी तो परत बंदुकीत घातला. तेव्हापासून तो तिथेच आहे. संध्याकाळ झाली की ती त्या कोपऱ्यात उभी, मी इथे बसलेला. घरात दोघंच." त्यांनी घसा साफ केला. इतक्या वर्षांचा गाणारा गळा, पण आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघत होता. "रेडिओ मीही ऐकतो. सरकार ती न्यायला बघतं. तू ती राखायला बघतोस. मागणारी एकच होती."

बाहेर गाय हंबरली. वासराने उत्तर दिलं.

ओरेस्ट उठला. त्याच्या मनात सांगायचं बरंच होतं, पण त्यातलं एकही वाक्य या खोलीतलं नव्हतं. या खोलीचं वाक्य एकच होतं आणि ते त्याला पाळण्यात असल्यापासून पाठ होतं. पाटी रोवताना लागलेला चिखल अजून नखांत होता. त्याने हात पुढे केला.

"आण इकडे," तो म्हणाला. बापाला आयुष्यात पहिल्यांदा त्याने एकेरीत हाक दिली, आणि ते दोघांनाही उमगलं की ती हाक त्याची नव्हे.

वासिलनी त्या हाताकडे पाहिलं. मग उठले, कोपऱ्यात गेले. बंदूक उचलली, नळी छताकडे केली, बोंड उचलून मागे ओढलं, आत गोळी नाही हे डोळ्याने पाहिलं, मग बोट घालून पाहिलं आणि बोल्ट पुरता बाहेर काढला. खट् झालं. बोल्ट त्यांच्या तळहातावर आला. ओरेस्टच्या हातावर ठेवताना त्यांनी सवयीने त्यावर फुंकर घातली, नसलेल्या खसखशीवर.

"तुझ्याकडे ठेवू नकोस मात्र," ते म्हणाले. "तू बंदूकवाला. बोल्ट बंदूकवाल्याकडे राहत नाही. मार्लीनला दे."

गाडीत मार्लीन मागे टोपली मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी हालिया. वासिल पुढे चढले. ओरेस्टने मागचं दार उघडलं, टोपलीवरचं भरतकामाचं कापड उचललं आणि लोण्याच्या कोकराशेजारी बोल्ट ठेवला. मार्लीनने पाहिलं. ती ही रीत सासूकडून ऐकून होती, सासूच्या ओट्यापाशी उभी राहून पाहूनही होती. तिने कापड परत ओढलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. हालियाचा हात तिच्या कोटाच्या खिशात होता, फोनवर. तो तिने बाहेर काढला आणि पुढच्या सीटवरून बापाच्या खांद्यावर ठेवला. चर्च येईपर्यंत तो तिथेच होता.

चर्चच्या अंगणात टोपल्यांचं गोल रिंगण धरलं होतं. कापडं मागे सारलेली, प्रत्येक पास्कामध्ये मेणबत्ती, आणि वाऱ्याशी झगडणाऱ्या ज्योतींना आडोसा करायला बायकांचे तळहात. कुंपणाच्या रस्त्याकडच्या बाजूला सगळ्या पक्षांच्या पाट्या. आतल्या बाजूला थडगी. त्यातलं एक अजून मातीचंच होतं. फादर बोहदान मनाने सोनं आणि गळ्याने पत्रा. त्यांनी पहिली ओळ उचलली आणि ती त्यांच्याच हातून निसटली. लोक ओठातल्या ओठात गुणगुणले. कुणाला सूर सापडेना. पुरोहितांनी घाम पुसला, दुसऱ्यांदा सुरू केलं. पद पुनरुत्थानाचं आणि ऐकायला मात्र गाडा चिखलात रुतल्यासारखं.

ओरेस्ट बापाकडे बघत नव्हता. बघितलं तर मागितल्यासारखं होईल, आणि आज एकदा मागून झालं होतं.

तिसऱ्या वेळी ओळ मागून आली. आधी ती कुणाची हेच कळेना, इतकी ती फाटकी होती. बाज तो नव्हता, उंची ती नव्हती. पण पुढे कुठे वळायचं ते त्या आवाजाला माहीत होतं. वासिल टोपी छातीशी धरून डोळे मिटून उभे होते. मधेच त्यांचा श्वास तुटला, आणि जिथे तुटला तिथे मार्लीनने तो तोडक्यामोडक्या उच्चारात उचलला, मग हालियाने, मग साऱ्या रिंगणाने. मग म्हातारे पुन्हा वर चढले. ऐकणाऱ्याला वाटावं की गळा त्यांचा नव्हेच. कुणीतरी तो उसना घेतलाय, आणि घेणाऱ्याला फाटका गळासुद्धा चालतो. ओरेस्टला सूर धरता येत नाही. तोही गायला.

फादर बोहदान कुंचला बुडवून टोपल्यांवर पाणी उडवत आले. त्यांच्याकडे पाण्याची कंजुषी नव्हती. लोक हसत चेहरे पुढे करत होते. होलोवाटींच्या टोपलीपाशी ते क्षणभर थांबले. कोकराशेजारचं पोलाद त्यांनी पाहिलं, वासिलकडे पाहिलं, आणि कुंचला पुन्हा बुडवून चांगला सपकन मारला.

"ख्रिस्तोस वोस्क्रेस!" येशू उठला, असं ते म्हणाले.

"वोइस्तिनु वोस्क्रेस!" खरोखर उठला, वासिल म्हणाले, आणि मग वाकून सुनेला, "घरी गेल्यावर तेल लाव पोरी, नाहीतर गंजेल."

"आणि कोल्हा आला तर?" मार्लीनने विचारलं.

"तर येईन मागायला."

"सकाळीच या. न्याहारी करून मग न्या. आणि दिवे लागायच्या आत परत. मला खसखशीचा डबा नाही, साखरेचा चालेल?"

"मुंग्या लागतील," वासिल म्हणाले. "आमचा घेऊन जा."

सणानंतरच्या सोमवारी हालिया सास्कातूनला परत निघाली. फाटकापाशी तिने गाडी थांबवून काच खाली केली. पाटी पुन्हा आडवी झाली होती आणि ओरेस्ट ती उपसत होता.

"मत मी लाललाच देणार," ती म्हणाली.

"मला काय, मी निळ्याला. माझी बंदूक अजून कपाटातच आहे, हालिया. ती भीती काही उतरलेली नाही."

"माहीत आहे." तिने थोडं थांबून म्हटलं, "फोन केला असता ना, तर तू मला जन्मभर माफ केलं नसतंस."

"नसतं केलं. आणि तू न करता काही झालं असतं, तर मी मला केलं नसतं."

"हात जरा धुवत जा," असं म्हणून ती गेली.

ओरेस्टने पाटीचे पाय मातीत दाबले. वारा पश्चिमेकडून होता. उद्या ती पुन्हा पडणार हे त्याला कळत होतं, आणि पुढच्या सोमवारी मतदानाचा काय निकाल लागेल हे कुणालाच कळत नव्हतं. कुरणावरचं ऊन कलायला लागलं. जुन्या घराचं दार वाजलं. बाप अंगण ओलांडून सुनेच्या घराकडे चालला होता, कोटाच्या खिशात काहीतरी जड, पुढे बुर्को. सकाळी त्यांना कोल्हा दिसला होता म्हणे. दिसला होता की ऐकू आला होता, यावर न्याहारीला बरीच उलटतपासणी झाली होती.

स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. ओरेस्ट पाटी सोडून ताठ उभा राहिला आणि त्याने कान दिला. पायरीवर बुटांचा आवाज झाला. मग आतून, आईच्या भाषेत, जर्मन हेलात, मार्लीनचा आवाज आला.

"आण इकडे."